जुने इंजिन तेल का पिते?

डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाला आपल्याकडे सरसकट ‘ऑइल इंजिन’ म्हणतात. या नावात थोडा घोटाळा आहे, तो आधी दूर करतो. अशा इंजिनात दोन तेले जातात. एक टाकीतले डिझेल. ते जळण्यासाठीच असते, तेव्हा ते संपले तर त्यात तक्रारीला जागा नाही. दुसरे वंगणाचे तेल, ज्याला आपण नुसते ‘ऑइल’ म्हणतो. ते इंजिनाच्या तळातील चेंबरमध्ये राहते, इंजिन फिरू लागले की उडून सर्व भागांना न्हाऊ घालते आणि पुन्हा खाली चेंबरमध्ये येते. निदान तसे ते यावे अशी आपली अपेक्षा असते. ते परत येईनासे झाले, कांडी काढून पाहावी तेव्हा खूण उघडी पडलेली दिसू लागली, म्हणजे ‘इंजिन ऑइल पिते’ असे आपण म्हणतो. आज मला बोलावयाचे आहे ते या पिण्याविषयी.

आपल्या बोथ भागात कापूस आणि सोयाबीन पावसावर येतात. इंजिनाची आठवण होते ती दिवाळीनंतर, हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी देण्याची वेळ आली म्हणजे. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज देण्यास प्रारंभ झाला, तेव्हापासून विहिरीवरच्या पुष्कळशा इंजिनांनी निवृत्ती घेतली. परंतु जिथवर तारा पोचल्या नाहीत, किंवा जिथे विहिरीचे नव्हे तर नाल्याचे पाणी उचलावयाचे आहे, तिथे अजून जुने इंजिनच बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून न्यावे लागते. वर्षातून तीसचाळीस दिवस ते चालते, आणि त्या तीसचाळीस दिवसांत त्याने दगा दिला तर घाटे भरण्याच्या वेळी हरभरा सुकतो.

अशा वेळी इंजिन ऑइल पिऊ लागले की मालकापुढे तीन वाटा असतात. एक, ते भंगारवाल्याला वजनावर देणे. दोन, मिस्त्रीला बोलावून इंजिन खोलणे आणि लायनर, पिस्टन, रिंगा नव्या घालणे. तीन, काहीही न करता रोज वरून ऑइल ओतीत राहणे. या तिन्ही वाटा केव्हा ना केव्हा योग्य ठरतात. पण त्यांतील एखादी पत्करण्यापूर्वी इंजिन ऑइल का पिते, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ‘म्हातारे झाले’ एवढे उत्तर सर्वांना पुरते. मला ते पुरत नाही. जुन्या इंजिनाच्या तेल पिण्याला त्याचे वय जितके कारणीभूत असते, तितकेच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, त्याला आपण दिलेले अपुरे काम कारणीभूत असते.

हे पटण्यासाठी इंजिनाच्या पोटात क्षणभर डोकावले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या तत्त्वावरचे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते. या इंजिनाचे वैशिष्ट्य असे की, त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन वर जाताना नळकांड्यातील हवा इतकी दाबतो की ती दाबानेच तापून लाल निखाऱ्यासारखी दाहक होते आणि तीत डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. ज्यांनी सायकलच्या चाकात पंपाने हवा भरली आहे त्यांनी पंपाचे बूड गरम झालेले अनुभवले असेल, तत्त्व तेच. आता ही हवा निसटू नये म्हणून पिस्टनच्या अंगावर लोखंडी कडी बसविलेली असतात. त्याच रिंगा. वरच्या रिंगा हवेला खाली जाऊ देत नाहीत आणि खालची ऑइल रिंग तेलाला वर जाऊ देत नाही. लायनरच्या भिंतीवर तेलाचा केसाहूनही पातळ थर राहावा, त्याहून जास्त राहू नये, एवढे नाजूक काम या ओबडधोबड दिसणाऱ्या कड्यांकडे असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रिंग लायनरला घट्ट चिकटते ती केवळ आपल्या स्वतःच्या ताणाने नव्हे. डिझेल पेटले की जो दाब उत्पन्न होतो तो रिंगेच्या पाठीमागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर, भिंतीकडे, रेटतो. म्हणजे इंजिन जितके जोराने काम करील तितकी रिंग अधिक घट्ट बसते. इंजिन रिकामे फिरत असेल तर तिच्या पाठीशी कोणी नसते. मग ती भिंतीवरून नुसती घसरत राहते आणि तेल तिला चुकवून वर जाते.

आपल्या शेतावर येणारी इंजिने मुख्यतः दोन घराण्यांची आहेत. इंग्लंडातील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ च्या सुमारास संथ गतीचे, भल्या मोठ्या जड चाकांचे एक उभे इंजिन काढले. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारे. त्याच्या बरहुकूम नकला राजकोटला निघाल्या आणि देशभर पसरल्या. त्यांचा ‘टुक्-टुक्’ असा सावकाश आवाज ज्यांनी लहानपणी रात्री ऐकला असेल ते तो विसरणार नाहीत. दुसरे घराणे मिनिटाला पंधराशे फेरे घेणाऱ्या आटोपशीर इंजिनांचे. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि तिचे पाच अश्वशक्तीचे इंजिन मराठी मुलखात इतके रुळले की कित्येक ठिकाणी पाण्याच्या इंजिनाचे ते दुसरे नावच झाले. दोन्ही घराणी सोशिक. नीट वागविले तर एकेक इंजिन दोन पिढ्यांना पुरते.

आता बोथच्या श्रोत्यांना थोडे समुद्रावर नेतो. माझे आजोळ वसईकडचे, त्यामुळे शिडाच्या होड्यांवर बसविलेली इंजिने मी जवळून पाहिली आहेत. १९५० नंतरच्या दशकात मुंबई राज्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या मचव्यांत डिझेल इंजिने येऊ लागली. आरंभी ती शिडाची जागा घेण्यासाठी नव्हती. वारा असला की शीड, वारा पडला की इंजिन. खाडीतून बाहेर पडताना आणि भरतीच्या वेळी आत येताना इंजिन. म्हणजे दिवसातून थोडा वेळ, तेही मंद गतीने. जुन्या नाखव्यांना या इंजिनांचे एक कोडे पडत असे. दिवसभर भर समुद्रात जोराने चालणारे इंजिन वर्षानुवर्षे ऑइल मागत नसे, आणि जे फक्त बंदरातून आतबाहेर करण्यापुरते चालते, ज्याला जणू पालखीत बसवून ठेवले आहे, तेच निळा धूर ओकू लागे. युरोप-अमेरिकेत हौसेने शिडाच्या नौका बाळगणारे लोक आहेत, त्यांची तक्रारही हीच असते. त्यांची नौका धक्क्याला बांधलेली असते आणि बॅटरी भरून घेण्यासाठी ते रोज तासभर इंजिन रिकामे फिरवितात. काही वर्षांत असे इंजिन फारसे झिजलेले नसूनही तेल पिऊ लागते.

होते ते असे. काम नसल्यामुळे नळकांडे पुरेसे तापत नाही. थंड भिंतीजवळ डिझेल पुरते जळत नाही, त्याची काजळी होते. रिंगा सैल घसरत असल्यामुळे तेल वर जाते आणि तेही अर्धवट भाजते. तव्यावर तेल पुनःपुन्हा तापून त्याचा जो पिवळसर, चिवट, नखाने न निघणारा थर बसतो, तसाच थर लायनरच्या भिंतीवर बसतो. नव्या लायनरवर बारीक आडव्यातिडव्या रेघा मुद्दाम कोरलेल्या असतात. तेलाने त्यांत थारा घ्यावा म्हणून. हा थर त्या रेघा बुजवून टाकतो. भिंत आरशासारखी चकचकीत होते. अनुभव नसलेला माणूस ती पाहून खूश होतो, जाणता मिस्त्री मात्र कपाळाला हात लावतो. कारण त्या आरशावर रिंगेला पकड राहत नाही, आणि तेलाचा वर जाण्याचा रस्ता कायमचा खुला होतो.

नावेत याला समुद्राच्या पाण्याचीही साथ मिळते. पुष्कळ जुन्या नावांत इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचेच पाणी फिरवितात, आणि ते फार तापू दिले तर क्षार साचून मार्ग बंद होतात. म्हणून असे इंजिन मुद्दामच थंड ठेवावे लागते. नाखव्याचा तिथे इलाज नाही. आपला मात्र आहे, आणि तरी आपण तेच करतो. शेतावरच्या इंजिनाला थंड करण्यासाठी पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एक बारीक नळी काढून पाणी इंजिनात सोडतात. तिची तोटी बहुधा पुरी उघडलेली असते. ‘गरम झाले तर?’ या भीतीने. नाल्याचे थंड पाणी भरधाव आत जाते, इंजिनातून बाहेर पडते तेव्हाही कोमटच असते, आणि मालकाला वाटते की आपण इंजिनाची फार काळजी घेतली. वास्तविक बाहेर पडणारे पाणी साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापलेले असावे. त्या धारेखाली हात धरवू नये, लगेच काढून घ्यावा लागावा. तोटी आवळून पाणी तितके गरम होईपर्यंत कमी करावे. यात एक पैशाचा खर्च नाही.

आणि आता कामाविषयी. मी शाळामास्तर, तेव्हा हिशेब मांडल्यावाचून मला राहवत नाही. समजा, नाल्यातून ८ मीटर उंचीवर, दर सेकंदाला ८ लिटर पाणी चढवावयाचे आहे. ८ लिटर म्हणजे ८ किलो. आठ आठे चौसष्ट. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. ६४ ला ७५ ने भागले तर एक अश्वशक्तीसुद्धा भरत नाही. पंपात आणि पाइपात निम्मी शक्ती वाया जाते असे धरले तरी पावणेदोन अश्वशक्ती पुरे. त्यासाठी आपण लावतो पाच अश्वशक्तीचे इंजिन! तेही, पाणी वाहून जाऊ नये म्हणून, थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून. हत्तीला कोंबडी ओढावयास लावल्यासारखे हे झाले. या पंपावर हे इंजिन आयुष्यात कधीही आपल्या बळाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक काम करीत नाही. वसईच्या खाडीतल्या त्या पालखीतल्या इंजिनाचा आणि नाल्यावरच्या या इंजिनाचा आजार एकच आहे.

पेट्रोलियमचा अपव्यय टाळण्यासाठी १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना शेतकऱ्यांना कमी अडथळ्याचे फूटव्हॉल्व्ह आणि गुळगुळीत पी.व्ही.सी. पाइप वापरा, वळणे कमी करा, असे सांगत आली आहे. तो उपदेश योग्यच आहे, त्याने डिझेल वाचते. परंतु त्याचा एक परिणाम असा की पंपाचे काम हलके होते आणि आधीच मोठे असलेले इंजिन आणखी रिकामे पडते. पाइप सुधारले तर पंपही मोठा जोडावा, म्हणजे तेच काम निम्म्या वेळात पुरे होईल. किंवा पुढच्या खेपेस इंजिन लहान घ्यावे.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल, ‘मास्तर, आमचे इंजिन तर आत्ताच पिते आहे, आता काय करू?’ पहिली गोष्ट, ते किती पिते ते मोजा. ‘पुष्कळ पिते’ हे माप नव्हे. इंजिन सपाट जागी ठेवून, बंद केल्यावर दहापंधरा मिनिटांनी, तेल खाली उतरल्यावर कांडी पाहावी. दर खेपेस त्याच रीतीने. वहीत तीन रकाने आखावेत. किती तास चालले, किती डिझेल घातले, खुणेपर्यंत आणण्यास किती ऑइल लागले. पन्नास तास झाले की बेरीज करावी. समजा, ३५ लिटर डिझेल जळले आणि ७०० मिलिलिटर ऑइल लागले. त्रैराशिक सोपे आहे: शंभराला दोन. निरोगी इंजिनाने शंभर लिटर डिझेलमागे एक लिटरच्या आत राहावे. शंभराला दोन म्हणजे जुन्या इंजिनाला चालण्यासारखे, पण नजर ठेवण्यासारखे. तीनचारावर गेले, आणि दर पन्नास तासांनी वाढतच चालले, तर मात्र आजार अंगात मुरला आहे. सातवीच्या मुलांना हे गणित मी फळ्यावर घालतो. त्यांच्यापैकी काहींनी घरच्या इंजिनावर ते करून आणले, आणि वडिलांपेक्षा मुलांनाच आधी कळले की आपले इंजिन जेवढे बदनाम आहे तेवढे पीत नाही.

कारण, श्रोतेहो, जे संपते ते सगळे पोटात जाते असे नाही. पुष्कळसे बाहेर गळते. शेतात काळी माती ते शोषून घेते आणि नावेत तळाच्या पाण्यावर ते पसरते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. इंजिन स्वच्छ पुसून रात्री त्याच्याखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे, आणि दुसरे दिवशी चालू असतानाही तसेच पाहावे. पाच सेकंदांना एक थेंब ही गळती कोणाला मोठी वाटणार नाही. पण तासाला ते ७२० थेंब झाले. तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दहा तासांत २४० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ पाव लिटर गेले. एक ऑइल सील किंवा चेंबरखालचे एक पॅकिंग बदलून जे थांबले असते त्यासाठी लोक लायनर-पिस्टन बदलतात. आमच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने वर्षात दोनदा रिंगा घातल्या. गळत होते क्रँकच्या टोकाजवळच्या सीलमधून.

दुसरी एक साधी गोष्ट म्हणजे ऑइल खुणेच्या वर भरणे. ‘पितेच आहे, तर थोडे जास्त घालू’ हा विचार उदारपणाचा आहे, शहाणपणाचा नाही. खुणेच्या वरचे तेल क्रँक भिरकावतो, त्याचा मारा लायनरवर वाजवीपेक्षा अधिक होतो आणि रिंगांना ते आवरत नाही. वरचा अर्धा लिटर झपाट्याने उडतो आणि मग पातळी खुणेपाशी येऊन स्थिरावते. मालक पुन्हा अर्धा लिटर ओततो. शुभवर्तमानातील दहा कुमारिकांच्या दृष्टांतात ज्यांनी जादा तेल बरोबर नेले त्या शहाण्या ठरल्या. पण त्यांनीही ते वेगळ्या भांड्यांत नेले होते, दिव्यात खच्चून भरले नव्हते.

गळत नाही, जादाही भरलेले नाही, तरी संपते, असे ठरले म्हणजे धुराकडे पाहावे. काळा धूर डिझेलचा. ओझे फार, नोझल बिघडलेले किंवा हवेची जाळी तुंबलेली. निळसर धूर ऑइलचा. तो सुरू करताच भपकन येऊन मग विरत असेल, किंवा बराच वेळ मंद चालवून एकदम जोर दिल्यावर येत असेल, तर संशय प्रथम व्हॉल्व्हच्या गाईडवर घ्यावा. तेल तेथून थेंबथेंब खाली उतरते. गाईड बदलण्यास सबंध इंजिन उलगडावे लागत नाही. निळा धूर ओझ्याखाली अखंड येत असेल आणि ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तिथून धापा टाकल्यासारखी जोरदार वाफ येत असेल, तर रिंगांचाच प्रश्न आहे. डिकॉम्प्रेशनचा खटका खाली करून चाक हाताने फिरवावे. निरोगी इंजिन दाबाशी येऊन अडते, उसळी मारते. पीडित इंजिन ‘फुस्स’ करून सहज ओलांडू देते.

याच्या उलट एक लक्षण आहे, त्याची भीती मला अधिक वाटते. इंजिन काहीच पीत नाही, उलट कांडीवर पातळी वाढलेली दिसते. मालक खूश! परंतु तेल आपोआप वाढत नसते. गळक्या नोझलचे किंवा पंपाचे डिझेल चेंबरमध्ये उतरत असते, नाहीतर पाणी शिरत असते. पाणी असेल तर तेल ताकासारखे पांढुरके दिसते. डिझेल असेल तर ते पातळ होते आणि त्याला वास येतो. अशा तेलावर चाललेले इंजिन थोड्याच दिवसांत बेअरिंग खाते. तेव्हा ‘आमचे इंजिन थेंबभरही पीत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्याने कांडी एकदा नाकाशी नेऊन पाहावी.

रिंगांचाच दोष ठरला तरी लगेच पाने काढू नयेत. इंजिन वर्षानुवर्षे रिकामे चाललेले असेल आणि थर अजून कोवळा असेल तर त्याला काम द्यावे. पाणी गरम राहील इतकी तोटी आवळून, मोठा पंप जोडून किंवा उंच जागी पाणी चढवून, त्याच्या बळाच्या तीन चतुर्थांश ओझ्यावर सलग आठदहा तास, असे काही दिवस चालवावे. पहिल्या दिवशी सायलेन्सरमधून काळे ओशट पडेल, त्याला घाबरू नये. पुष्कळ इंजिने यानेच अर्ध्यावर येतात. काही रिंगा काजळीने खाचेत अडकून बसलेल्या असतात, त्याही मोकळ्या होतात. नाही झाल्या तर पिस्टन काढून खाचा साफ कराव्या लागतील, पण तेवढ्याने भागेल. आणि इतके करूनही फरक पडला नाही, तर इंजिन खोलावे. मात्र तेव्हा एक अट मिस्त्रीला घालावी: त्या चकचकीत लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकू नकोस. लायनर मोजून पाहा. झिजला असेल तर बदल, आणि झिजलेला नसेल तर त्याच्या भिंतीवर पुन्हा आडव्यातिडव्या रेघा पाडून घे. तसे न करता घातलेल्या नव्या रिंगा आरशावरच घसरतात, आणि महिन्याभरात निळा धूर परत येतो. मग दोष नव्या रिंगांच्या कंपनीला!

इंजिन पितेच तर त्याला काहीही पाजावे, ही समजूतही फार पसरली आहे. ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑइल त्यात ओततात; त्यातील कण लायनरला कानशीसारखे घासतात. कोणी गिअरचे घट्ट ऑइल घालतात. ते थंडीच्या सकाळी उडतच नाही आणि बेअरिंग कोरडे राहते. फार जुन्या इंजिनाला ३० नंबरच्या जागी ४० नंबर चालेल, त्यापुढे जाऊ नये.

आता एका धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. फार तेल पिणारे इंजिन कधीकधी स्वतःच्या वंगणावरच चालू लागते. वर गेलेले तेल डिझेलसारखे पेटते. गती वाढते, तसे अधिक तेल वर जाते, गती आणखी वाढते, आणि गव्हर्नरचा त्यावर काही ताबा राहत नाही, कारण गव्हर्नर आवरतो तो डिझेलला. हवेच्या जाळीच्या भांड्यात ऑइल खुणेच्या वर भरले तरी हेच घडू शकते. अशा वेळी डिझेल बंद करून उपयोग नाही. हवा बंद केली पाहिजे. म्हणून इंजिनाजवळ हवेच्या तोंडावर पुरी बसेल अशी एक जाड सपाट फळी नेहमी ठेवावी, आणि बाजूने येऊन तीच तोंडावर दाबावी. हात कधीही लावू नये, फडकेही नको, ते आत ओढले जाते. हवेचे तोंड गवसत नसेल तर मुलाबाळांना घेऊन चाकाच्या रेषेतून दूर व्हावे. इंजिन दुसरे मिळेल. ज्या घरी लहान मुले इंजिनाशी खेळतात, तिथे हे मुलांनाही सांगून ठेवावे.

आणि हरभऱ्याचे पाणी झाल्यावर? वसईकडे पावसाळ्याच्या तोंडी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तेव्हा जाणता नाखवा इंजिनाला विसरत नाही. आपले इंजिन तर त्याहून अधिक काळ, जवळजवळ आठ महिने, गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असते. त्या काळात लायनरवर गंज चढतो आणि रिंगा चिकटतात, आणि पुढच्या वर्षीच्या निळ्या धुराचा पाया तिथेच घातला जातो. ठेवण्यापूर्वी इंजिन चांगले तापवून जुने ऑइल काढावे. ते नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावे. नवे ऑइल खुणेपर्यंत घालावे. नोझल काढून नळकांड्यात चमचाभर स्वच्छ ऑइल सोडावे, खटका वर करून चाक दहावीस वेळा हाताने फिरवावे आणि नोझल परत बसवावे. मग दर पंधरवड्यास, वाटल्यास अमावास्या-पौर्णिमेची आठवण धरून, चाकाला चार फेरे द्यावेत आणि दर वेळी ते वेगळ्या जागी थांबवावे. सायलेन्सरच्या तोंडावर मात्र एक डबा उपडा घालून ठेवावा, नाहीतर पहिल्या पावसाचे पाणी आत जाते, आणि कुंभारीण माशी त्यात मातीचे घर बांधते.